अंगठा, सही आणि पटकथा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याच्या पिशवीत दोन कागद होते. त्याची एक कथा दिवाळी अंकात छापून आली होती. ती वाचून मुंबईच्या एका निर्मात्याने त्याला फोन केला, कथा आवडल्याचे सांगितले आणि आठवड्याभरात हे कागद पाठविले. एक तीन पानी इंग्रजी करारनामा. दुसरे दीड पानाचे कथासार, म्हणजे या कथेचा चित्रपट कसा होईल त्याचा आराखडा. पोरगा हरखून गेला होता. म्हणाला, "सर, तुम्ही एकदा नजर टाका. सही करून टाकतो."

त्याच्या त्या 'करून टाकतो'ने मला माझा बाप आठवला. माझा बाप ऊसतोडीला जायचा. मुकादमाकडून उचल घेताना, सोसायटीचे कर्ज काढताना तो कागदावर अंगठा करून टाकी. कागदात काय लिहिले आहे ते त्याला कोणी कधी वाचून दाखविले नाही आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. घरातला पहिला पदवीधर मी. अंगठ्याच्या जागी सही आली, आता आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असे मला वाटत असे. पण एम.ए. झाल्यानंतर लगेच मी एका दिग्दर्शकाला माझी एक कथा चहाच्या टपरीवर तोंडी सांगून मोकळा झालो होतो. दोन वर्षांनी ती एका लघुपटात पाहिली. माझे नाव कुठेच नव्हते. न वाचता केलेली सही हा सुशिक्षिताचा अंगठाच असतो, आणि कागदच न करणे ही त्याहून मोठी अडाणीपणाची गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळले.

म्हणून या दोन कागदांच्या निमित्ताने दोन गोष्टी मांडाव्यात असे वाटते. पटकथा ही काय चीज आहे, आणि चित्रपटाच्या धंद्यात लेखकाची जागा कोणती. आपल्या चळवळीत चित्रपटाविषयी बोलणे पुष्कळ होते, पण ते बहुधा चित्रपट पडद्यावर आल्यानंतरचे असते. निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी, कागदावर झालेले असतात.

१

आधी कथासार घेऊ. विद्यार्थ्याची मूळ कथा अशी: मुलगा शहरातल्या कॉलेजात शिकतो, वसतिगृहात राहतो. त्याची आई कंत्राटदारामार्फत त्याच वसतिगृहाच्या सफाईवर लागते. मुलाला मित्रांत कमीपणा नको म्हणून ती आपण होऊन पहाटेची पाळी मागून घेते आणि पोरे उठण्याच्या आत काम आटोपून निघून जाते. मुलाला हे ठाऊक आहे. तो रोज जागा असतो, अंथरुणात पडून खराट्याचा आवाज ऐकत असतो. एके दिवशी तो उठतो, बाहेर येतो आणि मेसच्या बाकावर सर्वांच्या देखत आईबरोबर चहा घेतो. एवढीच कथा.

निर्मात्याच्या कथासारात एक नवा माणूस आला होता. तरुण, उदार मनाचा वॉर्डन. तो नव्याने बदलून येतो, पहाटे झाडणारी बाई पाहतो, चौकशी करतो, ती कोणाची आई आहे हे शोधून काढतो. मग तो मुलाला चार शब्द सुनावतो. शेवटी स्नेहसंमेलनात तो त्या माउलीला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतो, मुलगा पायावर डोके ठेवतो आणि सभागृहाचे डोळे पाणावतात.

निर्मात्याने मुद्दाम आपला अपमान केला असे मी म्हणणार नाही. त्याला कथा मनापासून आवडली असावी. पण मूळ कथेत दोन माणसे दोन निर्णय घेतात. पहाटेची पाळी मागून घेणे हा आईचा निर्णय, आणि बाकावर जाऊन बसणे हा मुलाचा. कथासारात दोघांचेही निर्णय वॉर्डनकडे गेले. आईच्या वाट्याला शाल आली आणि मुलाच्या वाट्याला पश्चात्ताप. घटना त्याच राहिल्या, मालक बदलला. हे कसे घडते हे समजायचे तर पटकथेचे तंत्र थोडे समजून घेतले पाहिजे.

२

कथा, पटकथा आणि संवाद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पटकथा म्हणजे चित्रपटाचा दृश्यवार आराखडा. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहितात: आत की बाहेर, स्थळ कोणते, वेळ कोणती. त्याखाली वर्तमानकाळात, फक्त दिसणारे आणि ऐकू येणारे लिहायचे. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला शंभर-सव्वाशे पाने, आणि तीही मोकळ्या जागा सोडून लिहिलेली. कादंबरीतले बरेच काही गाळावेच लागते. कोणाला गाळायचे आणि कोणाला वाढवायचे हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण तो सत्तेचाच प्रश्न असतो.

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. दलित साहित्याची मोठी ताकद आत्मकथनात प्रकटली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. या लेखनाचा कणा 'मी' हा आहे. ज्याला शतकानुशतके बोलू दिले नाही तो प्रथमच 'मी' म्हणून उभा राहिला. पण कॅमेऱ्याला 'मी' हे सर्वनाम नाही. त्याला सगळेच 'तो' आणि 'ती' दिसतात. 'मला शरम वाटली' हे वाक्य कागदावर जिवंत असते, पण त्याचे चित्रीकरण करता येत नाही. माझे विद्यार्थी पटकथा लिहायला बसतात तेव्हा त्यांचे पहिले पान अशाच वाक्यांनी भरलेले असते. मग ते निवेदकाचा आवाज घालतात, आणि पडद्यावर पुस्तक वाचून दाखविल्यासारखे होते.

मग 'मी' पडद्यावर कसा आणायचा? कॅमेरा कोणाजवळ उभा करायचा हे ठरवून. वरच्याच कथेतली पहाट मी वर्गात फळ्यावर अशी लिहून दाखविली:

आत. वसतिगृहाची खोली. पहाट.
अंधार. चार खाटा. तिघे गाढ झोपलेले. मुलाचे डोळे उघडे आहेत. बाहेरून खराट्याचा आवाज. आवाज जवळ येतो, दाराशी थांबतो. दाराच्या फटीतून आत आलेल्या उजेडात दोन पावलांची सावली. मुलगा पांघरूण घट्ट धरतो. सावली सरकते. खराटा पुढे निघून जातो.

यात 'शरम' हा शब्द नाही, 'आई' हाही नाही. पण आपण मुलाबरोबर अंधारात पडून आहोत. आता हीच घटना लिहिताना माथ्यावर 'आत. व्हरांडा. पहाट.' असे घाला आणि वॉर्डनला कोपऱ्यावर उभा करा. आपल्याला एक बाई झाडताना दिसेल आणि आपण म्हणू, बिचारी! बाई तीच, खराटा तोच. खोलीच्या जागी व्हरांडा लिहिला एवढ्याने सहवेदनेची कीव झाली. दिग्दर्शक सेटवर येण्याच्या कितीतरी आधी, पटकथेच्या एका ओळीत हा फरक पडलेला असतो.

३

पटकथेचा दुसरा मूलभूत प्रश्न: या पात्राला काय हवे आहे? ज्याला काही हवे आहे आणि ते मिळविण्यासाठी जो काही करतो तो नायक. बाकीचे त्याच्या वाटेवरचे. आपल्या चित्रपटांना हा प्रश्न विचारून पाहिला म्हणजे बरेच काही उघडे पडते.

बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' १९३६ सालचा. त्या काळात असा विषय घेणे हे धाडसच होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातील कस्तुरीला जे हवे ते मिळत नाहीच, वर दुसऱ्यांचे भांडण मिटविण्याच्या प्रयत्नात ती रेल्वेखाली जीव गमावते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) नायिका मरत नाही. ती आपले रक्त देऊन पालक आईचा जीव वाचविते, आणि मग त्या घरात तिचा स्वीकार होतो. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून केलेली 'सद्गती' ही फार निर्दय आणि फार प्रामाणिक कलाकृती आहे. तिच्यात कोणी उद्धारक नाही. ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता दुखी मरतो आणि त्याचे प्रेत दोरीने ओढून नेले जाते. पाहताना अंगावर काटा येतो. पण या तिन्ही पटकथांत अस्पृश्य माणसाने काहीतरी द्यायचे असते: जीव, रक्त, श्रम. त्याला स्वतःला काय हवे होते हा प्रश्न कथेचे इंजिन होत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हे उलटे झाले. कैकाडी घरातल्या जब्याला पुष्कळ काही हवे आहे. त्याला जीन्सची पँट हवी आहे, काळी चिमणी हवी आहे, शालू हवी आहे. आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे: डुकरे पकडताना आपण कोणाला, विशेषतः शालूला, दिसू नये. एवढी एक इच्छा पक्की धरली की शेवटचा प्रसंग आपोआप उभा राहतो. डुकरे पकडण्याची जागा शाळेजवळची, वेळ शाळेची, आणि पाहणारा सगळा गाव. ज्याला दिसायचे नाही त्याला सर्वांनी पाहावे, याहून मोठा अडथळा कोणता? त्यात राष्ट्रगीत सुरू होते, जब्या ताठ उभा राहतो, त्याचे घरचेही थांबतात, आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. पुढे काठीला बांधलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई यांच्या चित्रांसमोरून नेले जाते. कोणी भाषण करीत नाही. शेवटी जब्या दगड उचलतो, आणि अखेरचा दगड थेट आपल्या दिशेने येतो.

त्या दगडाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला त्यात पटकथेचा हिशेब दिसतो. पाऊण चित्रपटभर आपण जब्याजवळ उभे असतो, त्याच्याबरोबर लपत असतो. शेवटच्या प्रसंगात पटकथा आपल्याला हळूच त्याच्यापासून दूर नेऊन बघ्यांच्या जागी बसविते. म्हणूनच दगड आपल्याला लागतो. सुरुवातीपासून आपण बघेच असतो तर तो केवळ एका चिडलेल्या पोराचा दगड झाला असता.

४

मग असे चित्रपट पुष्कळ का होत नाहीत? येथे धंद्याकडे वळावे लागते.

चित्रपट हा महाग माल आहे आणि तो आधी पूर्ण करून मग विकायचा असतो. तिकिटाचा पैसा सगळा निर्मात्याकडे जात नाही. २००९ साली महसुलाच्या वाटणीवरून निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात सुमारे दोन महिने संघर्ष चालला. त्यानंतर हिंदी चित्रपटांसाठी ठरलेल्या सूत्रात निर्मात्या-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरत जाणारा होता. याचा अर्थ नीट पाहा. जो चित्रपट हळूहळू तोंडातोंडी पसरतो त्याचा पैसा उशिरा येतो आणि कमी येतो. म्हणून निर्माता पहिल्या आठवड्याच्या प्रेक्षकाकडे डोळे लावून बसतो. महाग तिकीट काढून पहिल्या शनिवार-रविवारी जाणारा प्रेक्षक कोणत्या वस्तीतला? तो वॉर्डनच्या घरातला. म्हणून वॉर्डन आला! महाराष्ट्र शासनाची दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देण्याची योजना आहे, पण ते अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर मिळते. म्हणजे आधी पदरात पैसा असलेल्यालाच ते गाठता येते.

हा हिशेब अटळ आहे असे मात्र नाही. मंजुळे यांच्याच 'सैराट'ने २०१६ साली मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सगळे विक्रम मोडले, आणि जातीला फाटा न देता मोडले. पण पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. २०१८ साली त्याचे हिंदी रूप 'धडक' या नावाने आले. जागा राजस्थानात गेली आणि जात जवळजवळ बोलेनाशी झाली. शेवटही बदलला. 'सैराट'मध्ये दोघेही मारले जातात आणि रक्ताने माखलेल्या पावलांचे मूल एकटे उरते. 'धडक'मध्ये मुलगा आणि मूल मरतात, मुलगी उरते आणि तिच्या आक्रोशावर चित्रपट संपतो. पहिल्या शेवटात प्रश्न उरतो की आता या मुलाचे काय, आणि तो प्रश्न आपल्याला विचारलेला असतो. दुसऱ्यात एका नायिकेचे दुःख उरते, आणि त्यावर रडून घरी जाता येते. गाणी विकत घेता येतात, प्रसंग विकत घेता येतात. कथेचा रोख मात्र विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

म्हणून ज्यांनी निर्मितीत पाऊल टाकले त्यांचे महत्त्व आहे. 'सैराट'च्या निर्मितीत मंजुळे यांची 'आटपाट' ही संस्था होती. तमिळमध्ये पा. रंजित यांच्या 'नीलम' या संस्थेने मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) काढला. पहिला चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला आपला रोख राखता आला, कारण पैशाच्या बाजूलाही तो रोख समजणारा माणूस बसला होता.

५

आता दुसरा कागद. करारनाम्यात एकूण २५,००० रुपये होते. ५,००० सहीच्या दिवशी आणि बाकीचे चित्रीकरण सुरू झाल्यावर. चित्रीकरण कधी सुरू होणार ते लिहिलेले नव्हते. बदल्यात सर्व जगातील, ज्ञात-अज्ञात सर्व माध्यमांतील हक्क कायमचे द्यायचे होते. कथेत कोणताही बदल करण्याची मुभा निर्मात्याला, आणि श्रेयनामावलीत नाव देणे-न देणेही त्याच्या मर्जीवर. म्हणजे चित्रपट निघाला नाही तरी ५,००० रुपयांत कथा जन्मभर कुलपात!

कॉपीराइटचा १९५७ चा कायदा आणि त्यातली २०१२ ची दुरुस्ती प्रत्येक लिहित्या कार्यकर्त्याने एकदा वाचली पाहिजे. त्यातले मोजके सांगतो. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते, आणि कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला हे त्यात स्पष्ट हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळे लिहिले नसेल तरच. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय देता येत नाहीत. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील स्वामित्वधनाचा लेखकाचा वाटा त्याला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. कायद्यातला हक्क आणि हातात पडणारा पैसा यांत अंतर असते, हे खरे. पण हक्क ठाऊकच नसेल तर मागायचे काय?

दोन खटले लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलल्याचा दावा केला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे त्या निकालाचे सार. म्हणून टपरीवर तोंडी सांगितलेल्या कथेला संरक्षण नाही. आधी लिहून काढा, तारीख घाला. मुंबईतील पटकथालेखकांच्या 'स्क्रीनरायटर्स असोसिएशन' या संघटनेकडे सभासद होऊन लेखनाची नोंदणी करता येते. दुसरा खटला मन्नू भंडारी यांचा. त्यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून 'समय की धारा' हा चित्रपट निघाला तेव्हा मूळ कृतीचा विपर्यास झाला म्हणून त्या न्यायालयात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने लेखिकेचा हा हक्क मान्य केला: पैसे घेऊन हक्क दिल्यानंतरही आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो.

अण्णाभाऊ साठे यांच्या कथा-कादंबऱ्यांवर अनेक मराठी चित्रपट निघाले, खुद्द 'फकिरा'वरही निघाला. तरी १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच. ज्यांच्या लेखणीवर पडदा उभा राहिला त्यांच्या घरात त्या पडद्याचा उजेड किती पोहोचला, हा प्रश्न आपण अण्णाभाऊंच्या जयंतीला हार घालताना विचारत नाही.

६

माझ्या सांगण्यावरून विद्यार्थ्याने करारात चार बदल सुचविले. तीन वर्षांची मुदत, नावाची हमी, रकमेच्या हप्त्यांना तारखा, आणि आईचे व मुलाचे निर्णय कथेत कायम राहावेत असे एक वाक्य. दोन महिने उत्तर आले नाही. मग फोन आला. पहिल्या तीन गोष्टींवर बोलता येईल, पण वॉर्डन राहील. विद्यार्थ्याने नकार दिला.

हा विजय म्हणून मी सांगत नाही. कथेतली आई ही त्याची स्वतःची आई आहे. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिने मला विचारले, "सर, किती देणार होते ते?" मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् मी कशी दाखविणार होते?" मी शाल-श्रीफळाचे सांगितले. तिला हसू आले. "मला शाल कशाला? मी माझ्या पोरासाठी पहाटंची पाळी घेतली, कुणी सांगून न्हाई." तरीही तिचा पहिला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. २५,००० रुपये त्या घरात मोठी रक्कम आहे. महिन्याचा पगार मिळणाऱ्या प्राध्यापकाने दुसऱ्याला नकाराचा सल्ला देणे सोपे असते. प्रत्येकाने नकारच द्यावा असे मी म्हणणार नाही. उद्या दुसऱ्या कोणी गरजेपोटी सही केली तर तो गुन्हेगार नाही. पण त्याने काय विकले हे त्याला ठाऊक असावे, एवढी जबाबदारी आपल्यासारख्या शिकलेल्यांची आहे.

यासाठी फार मोठी संस्था लागत नाही. आमच्या कॉलेजात महिन्यातून एकदा आम्ही एक चित्रपट पाहतो आणि त्यातला एकच प्रसंग घेऊन चार प्रश्न विचारतो. येथे कोणाला काय हवे आहे? निर्णय कोण घेतो? कॅमेरा कोणाजवळ आहे? हाच प्रसंग दुसऱ्या पात्राजवळ उभे राहून लिहिला तर काय होईल? मग मुले लिहितात. आत्मकथनातले एक पान घेऊन त्याचे एक दृश्य करणे हा उत्तम सराव आहे. आणि वर्षातून एकदा आम्ही एखादा करारनामा घेऊन तो मराठीत मोठ्याने वाचतो. आपल्या वस्तीत पूर्वी एकजण वर्तमानपत्र वाची आणि दहाजण ऐकत. तसेच हे.

त्या विद्यार्थ्याने आता स्वतःच पटकथा लिहायला घेतली आहे. अडतीस पाने झाली आहेत. तिच्यात वॉर्डन आहे, पण तो एकाच दृश्यात, पहाटे झोपलेला.